मेंढपाळ विरुद्ध गिधाड : एक खोटे भांडण

निसर्गरक्षणाचा विषय निघाला की दोन प्रकारची माणसे दोन बाजूंनी बोलू लागतात, आणि दोघांचेही बोलणे सारखेच निष्फळ ठरते. पहिल्या प्रकारची माणसे सांगतात की रान, पशुपक्षी आणि दुर्मीळ वनस्पती यांचा खरा शत्रू म्हणजे रानाच्या कडेला राहणारा गरीब माणूस. त्याची शेळी रोप खाते, त्याची कुऱ्हाड झाड पाडते, त्याची काडी डोंगर पेटवते. तेव्हा त्याला बाहेर काढा, कुंपण घाला आणि पहारेकरी नेमा. दुसऱ्या प्रकारची माणसे आपल्याच घरात आढळतात. भाकरीचा प्रश्न सुटलेला नसताना गिधाडांची आणि रानफुलांची चिंता वाहणे हा पोट भरलेल्यांचा छंद आहे, असे त्यांचे मत असते. सभेत ते उघडपणे मांडले जात नाही. पण ठरावांच्या यादीत निसर्गाचा ठराव नेहमी शेवटी येतो आणि तोवर सभागृह निम्मे रिकामे झालेले असते.

या दोन्ही मतांच्या मुळाशी एकच गृहीत आहे : कष्टकऱ्यांचे हित आणि निसर्गाचे हित परस्परांच्या विरोधात आहे. पहिला पक्ष त्यातून निसर्गाची बाजू घेतो, दुसरा माणसाची. हे गृहीतच खोटे असेल तर? ते तपासण्यासाठी भूमध्य समुद्रातील सार्डिनिया या बेटाइतके चांगले उदाहरण क्वचितच सापडेल. आपल्या वाचकांना हे बेट अंतोनियो ग्राम्शीची जन्मभूमी म्हणून ठाऊक आहे. १८९१ साली आलेस या गावी जन्मलेला आणि गिलार्झा येथे वाढलेला हा विचारवंत फॅसिस्टांच्या तुरुंगातून १९३२ साली आपल्या मुलाला पत्र लिहितो, तेव्हा लहानपणी चांदण्यात पाहिलेल्या, अंगावरच्या काट्यांत सफरचंदे रोवून घेऊन जाणाऱ्या जाहकांच्या कुटुंबाची हकीकत सांगतो. क्रांतीचा विचार करणाऱ्या त्या डोक्यात रानातल्या प्राण्यांना जागा होती. आपल्या डोक्यात ती का नसावी, हे ज्याचे त्याने स्वतःला विचारावे.

सार्डिनिया हे भूमध्य समुद्रातील दुसऱ्या क्रमांकाचे मोठे बेट. क्षेत्रफळ सुमारे २४ हजार चौरस किलोमीटर. मधोमध जेन्नार्जेंतूचा डोंगराळ मुलूख, त्यातील सर्वोच्च शिखर १,८३४ मीटर उंचीचे. सदाहरित ओक, बुचाचे ओक, रानऑलिव्ह आणि मिर्ट, लेंटिस्क, आर्बूटस यांच्या दाट, सुगंधी झुडुपांनी त्याचे उतार झाकलेले आहेत. जगात अन्यत्र कोठेही न उगवणाऱ्या वनस्पतींच्या अनेक जाती येथे आहेत. रीबेस सार्दोउम नावाचे झुडूप ओलिएना गावावरच्या कोर्रासी डोंगराच्या चुनखडीत, एवढ्याशा जागेत तेवढे आढळते. उंटकटारीच्या कुळातील लामिरॉप्सिस मायक्रोसेफाला ही वनस्पती जेन्नार्जेंतूच्या माथ्यावरच टिकून आहे, आणि तिला मोठा धोका आहे तो बर्फावर घसरण्याच्या खेळासाठी होणाऱ्या बांधकामांचा. प्राण्यांत वळणदार शिंगांचा मुफ्लॉन हा रानमेंढा, ठेंगणे सार्डिनियन हरीण, जारा पठारावरचे लहान चणीचे घोडे, बोसा व आल्गेरो परिसरातील गिधाडे आणि काल्यारी शहराच्या कडेच्या मिठागरांत घरटी करणारे रोहित पक्षी. या रोहितांना तेथील लोक स्वतःच्या भाषेत ‘तांबडी माणसे’ म्हणतात. ज्या समाजाने पक्ष्याला ‘माणूस’ म्हटले, त्याला निसर्गाचा शत्रू ठरवण्यापूर्वी थोडे थांबावे, हे बरे.

येथे एक भ्रम प्रथम दूर केला पाहिजे. कुंपणवाद्यांना ‘अस्पर्श निसर्ग’ हवा असतो. सार्डिनियात तसा निसर्ग हजारो वर्षांत नव्हता. ज्या मुफ्लॉनला बेटाचे मानचिन्ह मानतात, तो सुमारे सात हजार वर्षांपूर्वी नवाश्मयुगीन माणसांनी नावेतून आणलेल्या आणि पुढे रानटी झालेल्या मेंढ्यांचा वंशज आहे. हरीणही माणसाच्याच हाताने तेथे पोचले. उलट प्रोलागस हा सशाच्या नात्यातला बेटाचा अस्सल रहिवासी प्राणी माणसाने आणि माणसाबरोबर आलेल्या जनावरांनी बहुधा संपवला. म्हणजे माणसाने या बेटाला दिलेही आणि त्याच्याकडून हिरावूनही घेतले. जेथे माणूस नाही तोच निसर्ग शुद्ध, ही कल्पना अशा भूमीवर हास्यास्पद ठरते. खरा प्रश्न हा की कोणत्या माणसाने, कोणत्या व्यवस्थेच्या जोरावर, काय केले?

त्याचे उत्तर इतिहास देतो. अठराव्या शतकात हे बेट सव्हॉय घराण्याच्या ताब्यात गेले. तोवर गावाभोवतीची कुरणे आणि राने मोठ्या प्रमाणात सामाईक होती. गुरे चारणे, सरपण तोडणे, ओकची फळे डुकरांसाठी वेचणे, पाणी घेणे हे गावकऱ्यांचे परंपरागत हक्क होते. आपल्याकडे गायरान आणि निस्तार या शब्दांत जे सामावते तेच ते. १८२० साली तुरीनच्या सरकारने कुंपणाचा हुकूम काढला. शेतीची सुधारणा व्हावी हा त्याचा जाहीर हेतू. प्रत्यक्षात ज्याच्याकडे पैसा आणि माणसे होती त्याने दगडी गडगे रचून सामाईक जमिनी, पाणवठे आणि वाटादेखील गिळल्या. १८६३ साली रेल्वे बांधणाऱ्या कंपनीला, जिच्यामागे इंग्रजी भांडवल होते, दोन लाख हेक्टर सामाईक जमीन देऊ करणारा करार कायद्याने मान्य झाला. १८६५ साली उरलेसुरले सामाईक हक्क रद्द झाले. १८६८ च्या एप्रिलमध्ये नुओरो गावचे लोक नगरपालिकेवर चालून गेले आणि जमीनविक्रीची कागदपत्रे त्यांनी जाळली. त्यांची घोषणा एवढीच होती : जे ठाऊक होते, चालत आले होते, त्याकडे परत चला.

आणि राने? ती याच शतकात गेली. रेल्वेच्या स्लीपरांसाठी, खाणींच्या आधाराच्या खांबांसाठी, कातडे कमावण्याच्या सालीसाठी आणि मुख्य भूमीवर धाडल्या जाणाऱ्या लोणारी कोळशासाठी ओकच्या राईच्या राई आडव्या झाल्या. कोळसा पाडणारे लोणारी मजूरही पुष्कळदा बाहेरून, तोस्कानातून आणलेले होते. जे रान शतकानुशतके गावाच्या डुकरांना आणि मेंढ्यांना पोसत उभे राहिले, ते विक्रीयोग्य मालमत्ता होताच काही दशकांत संपले. कुऱ्हाड जुनीच होती. बदलली होती ती मालकी. मेंढपाळाच्या शेळीवर सगळे खापर फोडणाऱ्यांनी या तारखा एकदा ओळीने मांडून पाहाव्यात.

विसाव्या शतकात लुटीचे क्षेत्र डोंगरावरून किनाऱ्यावर सरकले. हिवतापामुळे सार्डिनियाचा किनारा शतकानुशतके ओस होता. १९४६ ते १९५० या काळात रॉकफेलर फाउंडेशनच्या मोहिमेत सगळ्या बेटावर डीडीटी फवारण्यात आले. ज्या जातीच्या डासाविरुद्ध मोहीम होती तो डास निर्मूल झाला नाही, पण हिवताप हटला. ही गोष्ट लोकांच्या हिताचीच झाली आणि तिच्याविषयी कोणी कुरकुर करू नये. परंतु रोगमुक्त झालेला किनारा कोणाच्या पदरात पडला? १९६२ साली तरुण आगाखान करीम यांच्या पुढाकाराने बेटाच्या ईशान्य टोकाला ‘कोस्ता स्मेराल्दा’, म्हणजे पाचूचा किनारा, नावाची कंपन्यांची वसाहत सुरू झाली. याच करीम आगाखानांनी १९६९ साली पुण्याचा आगाखान पॅलेस राष्ट्राला अर्पण केला, हे महाराष्ट्र कृतज्ञतेने जाणतो. मात्र पुण्यातील दानशूरपणाने सार्डिनियातील व्यवहाराचा अर्थ बदलत नाही. निकस म्हणून गुराख्यांनी कवडीमोलाने विकलेली किनारपट्टी जगातील सर्वांत महाग सुट्टीच्या जागांपैकी एक झाली. २०१२ साली तेथील प्रमुख हॉटेले कतारच्या सरकारी गुंतवणूक निधीने घेतली. मालक बदलत गेले. स्थानिक माणूस मात्र उन्हाळ्यापुरता वाढपी आणि हिवाळ्यात बेकार हा क्रम बदलला नाही.

पूर्व किनाऱ्यावर काला गोनोनेजवळ ‘बुए मारिनो’ नावाची गुहा आहे. नावाचा अर्थ समुद्री बैल. लोकांनी ते नाव दिले भूमध्य समुद्रातील सील प्राण्याला, जो या गुहेत पिले घालीत असे. जाळी फाडतो म्हणून कोळ्यांनीही त्याला मारले, हे खरे. पण त्याचे उरलेसुरले एकांतस्थान नावांच्या वर्दळीने संपवले. आज प्रवासी तिकीट काढून सीलच्या नावाची गुहा पाहतात. सीलची वस्ती तेथे उरलेली नाही. कधीतरी एखादा भटका प्राणी किनाऱ्यावर दिसला तर बातमी होते. निसर्गाची जाहिरात करून निसर्ग कसा विकला जातो, याचे यापेक्षा नेमके उदाहरण कोणते?

उरलेल्या जागेत सैन्य आले. इटलीच्या लष्करी वापराखालील जमिनीचा सर्वांत मोठा वाटा या एका बेटाच्या माथी आहे. १९५६ पासून क्विर्रा येथे क्षेपणास्त्रांचे चाचणीक्षेत्र आहे. तेउलादा येथील सरावक्षेत्रातील एक भूशिर न फुटलेल्या दारूगोळ्यामुळे प्रवेशाला कायमचे बंद आहे. १९७२ ते २००८ या काळात ला माद्दालेना द्वीपसमूहात अमेरिकेचा अणुपाणबुड्यांचा तळ होता, आणि त्यातील शेवटची १४ वर्षे तोच द्वीपसमूह राष्ट्रीय उद्यानही होता! मेंढीला उद्यानात मज्जाव आणि पाणबुडीला मुभा, हे निसर्गरक्षणाचे कोणते शास्त्र?

ही पार्श्वभूमी ध्यानात घेतली म्हणजे १९६९ च्या जूनमध्ये ओर्गोसोलो गावात जे घडले ते समजते. गावाच्या सामाईक कुरणावर, प्रातोबेल्लो येथे, तोफखान्याचा सराव होणार असा हुकूम आला. गावातील हजारो माणसे, बायका-मुलांसह, त्या कुरणावर जाऊन बसली. शस्त्र न उचलता त्यांनी सैनिकांची वाट अडवली. फॅसिस्टविरोधी लढ्यातील वृद्ध नेते एमिलिओ लुस्सू यांनी तारेने पाठिंबा कळवला. सैन्याला माघार घ्यावी लागली. सत्याग्रहाचा वारसा सांगणाऱ्या आपल्या कार्यकर्त्यांनी हे नाव लक्षात ठेवावे. त्या कुरणावर तोफगोळे पडले नाहीत, याचे श्रेय कोणत्याही वनखात्याला जात नाही. ते मेंढपाळांना जाते.

त्याच डोंगरात पुढे १९९८ साली सरकारने ओरोसेई आखात आणि जेन्नार्जेंतूचे राष्ट्रीय उद्यान कागदावर स्थापन केले. क्षेत्र सत्तर हजार हेक्टरांहून अधिक. गावांनी ते नाकारले आणि ते उद्यान प्रत्यक्षात कधीच चालू झाले नाही. कुंपणवाद्यांनी हळहळून म्हटले की अडाणी लोकांनी आपलेच नुकसान केले. पण ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी ‘सुधारणे’च्या नावाखाली उभे राहिलेले गडगे पाहिले, ज्यांनी स्वतः तोफखान्याला तोंड दिले, त्यांना राजधानीत आखलेल्या नकाशाचा संशय आला यात नवल कसले? या विरोधात शिकारीचा आणि बांधकामाचा लोभ असलेलेही मिसळले होते, हे मान्य. परंतु लोभी माणसाला प्रामाणिक माणसांचा जमाव मिळवून दिला तो सरकारच्या रीतीने.

एवढे वाचून आपल्यातील काहीजण समाधानाने मान डोलावतील : पाहा, भांडवलदार दोषी, सैन्य दोषी, सरकार दोषी, आणि जनता निष्पाप! या साथींना येथे रोखणे आवश्यक आहे. जनतेची पूजा करणे आणि जनतेची बाजू घेणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सार्डिनियातील काळे गिधाड आणि दाढीवाले गिधाड १९६० च्या दशकात नामशेष झाले. कोल्ह्यांना आणि भटक्या कुत्र्यांना मारण्यासाठी विष घातलेले मांस रानात ठेवण्याची चाल हे त्याचे एक मोठे कारण होते, आणि ते विष कोणा परदेशी कंपनीने ठेवलेले नव्हते. नवे गवत यावे म्हणून कुरण पेटवण्याची जुनी खोडही तशीच. १९८३ साली तेम्पिओजवळच्या वणव्यात नऊ माणसे होरपळून मेली. २०२१ च्या जुलैमध्ये मोंतिफेर्रू परिसरात हजारो हेक्टर जळाले आणि कुल्येरी गावचा हजारो वर्षे वयाचा मानला जाणारा ऑलिव्ह वृक्ष भस्म झाला. त्याच्या बुंध्याशी पुढे नवे कोंब फुटले. पण वनस्पतिशास्त्रज्ञांनी ती जमीन जपली, ओल राखली, म्हणून ते फुटले. आणि हरीण? १९६० च्या दशकाअखेर त्याची संख्या दोनशेच्या आसपास उरली होती. शेजारच्या कॉर्सिका बेटावर ते संपलेच. शिकारबंदी झाली, पहारा बसला, १९८५ साली लोकवर्गणीतून मोंते आर्कोसूचे सुमारे तीन हजार हेक्टर रान विकत घेऊन राखले गेले, तेव्हा हरीण वाचले. आज ते हजारोंनी आहे आणि कॉर्सिकाला परत गेले तेही सार्डिनियातूनच. नियम आणि राखण यांच्यावाचून हे झाले नसते. मूठभर जागेत उगवणाऱ्या त्या रीबेसच्या झुडपाला मत नाही, संघटना नाही, बाजारात किंमत नाही. गावचे बहुमत त्याच्या विरोधात गेले तर त्याच्या बाजूने बोलणारा कोणीतरी असला पाहिजे, आणि तो कायदाच असू शकतो.

मग मार्ग कोणता? तो गिधाडांनीच दाखवला आहे. गिधाड जगते मेलेल्या मेंढ्यांवर. बेटावर सुमारे तीस लाख मेंढ्या आहेत. म्हणजे मेंढपाळ नसेल तर गिधाडही नाही. २००२ साली पशुरोगांच्या भीतीने युरोपीय नियमांनी मृत जनावर उघड्यावर ठेवण्यास मनाई केली. मेंढपाळावर विल्हेवाटीच्या खर्चाचा बोजा पडला आणि गिधाडांची उपासमार झाली. एकाच हुकमाने दोघांचेही नुकसान. २०१५ ते २०२० या काळात राबवलेल्या प्रकल्पात ही गाठ सोडवली गेली. मेंढपाळांच्या स्वतःच्या वाड्यांवर, रीतसर परवानगीने, मृत जनावरे गिधाडांसाठी ठेवण्याच्या जागा उभारल्या. मेंढपाळाचा खर्च वाचला, गिधाडांना अन्न मिळाले, विषाविरुद्ध गस्त वाढली, स्पेनमधून गिधाडे आणून सोडली. गिधाडांची संख्या दोनशेच्या वर गेली. येथे आपलीही एक जखम आठवते. डायक्लोफिनॅक या गुरांच्या औषधाने भारतातील गिधाडांचा जवळजवळ निःपात केला आणि २००६ साली आपण गुरांसाठी त्याच्यावर बंदी घातली. हे सारे जगजाहीर असताना २०१३ साली स्पेनमध्ये त्याच औषधाच्या विक्रीला परवानगी मिळाली. इटलीतही ती होती. भारतातील गिधाडांच्या मरणातून जो धडा मिळाला, तो औषध विकणाऱ्यांच्या हिशोबात बसला नाही.

बुचाचा ओक हाच धडा दुसऱ्या रीतीने शिकवतो. त्याची साल कुशल कामगार साधारण दहा वर्षांनी एकदा सोलतो. झाड मरत नाही, पुन्हा साल धरते. गाल्लूरा भागातील अनेक घरे या श्रमावर जगतात, आणि जोवर बुचाला भाव आहे तोवर ते रान कोणी तोडणार नाही. दुधाचेही तसेच. २०१९ च्या फेब्रुवारीत सार्डिनियाच्या मेंढपाळांनी लिटरमागे साठ सेंटचा भाव नाकारून दूध रस्त्यांवर ओतले. ज्याला दुधाचा भाव मिळत नाही तो मेंढ्या वाढवतो, कुरण ओरबाडतो, कोल्ह्याला विष घालतो. दुधाच्या रास्त भावाची मागणी ही म्हणून रानफुलांच्या रक्षणाचीही मागणी आहे. ज्यांना हा संबंध दिसत नाही, त्यांना ना अर्थकारण कळले ना निसर्ग.

राजकारणाचा धडा कडू आहे. २००४ साली प्रादेशिक सरकारचे अध्यक्ष रेनातो सोरू यांनी किनाऱ्यापासून दोन किलोमीटरपर्यंत नव्या बांधकामाला आळा घातला आणि २००६ साली भूदृश्य-संरक्षणाचा आराखडा आणला. हे गृहस्थ स्वतः उद्योजक. तरीही डाव्यांच्या आघाडीने त्यांच्या नेतृत्वाखाली जे केले ते इटलीत अपूर्व होते. २००९ साली ते निवडणूक हरले. बांधकामाच्या हितसंबंधांनी कंबर कसली होती हे खरे, पण तेवढ्याने पराभवाचा उलगडा होत नाही. किनारा वाचवला, मात्र किनाऱ्यावर न उभ्या राहिलेल्या हॉटेलात ज्याला काम मिळाले असते, त्या तरुणाला दुसरे काय दिले याचे पुरेसे उत्तर तयार नव्हते. निषेध करणारा कायदा रोजगाराची योजना बरोबर घेऊन आला नाही, तर तो मतपेटीत अडखळतो.

आज त्याच बेटावर नवा वाद पेटला आहे. पवनचक्क्या आणि सौरपट्ट्यांचे प्रचंड प्रकल्प बाहेरच्या कंपन्या आणीत आहेत. २०२४ साली त्यांच्याविरुद्ध ‘प्रातोबेल्लो २४’ या नावाने लोकांनी विधेयक मांडले आणि सुमारे सोळा लाख वस्तीच्या बेटावर दोन लाखांहून अधिक सह्या गोळा केल्या. कोळसा जाळणे थांबलेच पाहिजे; तापत्या हवेत वणवे वाढतील आणि मग ना मेंढी उरेल ना गिधाड. म्हणून वाऱ्याच्या विजेला सरसकट विरोध करणे हे शहाणपण नव्हे. परंतु त्या सह्यांना अडाणीपणा म्हणणे हा त्याहून मोठा अपराध आहे. दोनशे वर्षांपूर्वी ‘सुधारणा’ आली आणि कुरण गेले. ‘रेल्वे’ आली आणि रान गेले. ‘पर्यटन’ आले आणि किनारा गेला. आता ‘हरित ऊर्जा’ येते आहे, तेव्हा लोक विचारतात : वीज कोणाची, नफा कोणाचा, आणि जागा कोणी ठरवली? या तीन प्रश्नांची उत्तरे गावाच्या मालकीची वीज सहकारी तत्त्वावर उभारून देता येतात. ती न देता पोलीस बंदोबस्तात खांब उभे करणारे सरकार त्या वाऱ्यालाही कुंपण घालीत आहे.

कार्यकर्त्यांनी यातून घ्यायचे ते एवढेच. जेथे रान, किनारा वा कुरण वाचवण्याची भाषा होईल, तेथे प्रथम विचारावे : सामाईक हक्क कोणाचे होते आणि ते कोणी घेतले? राखणीचा खर्च कोण सोसतो आणि लाभ कोणाला? निर्णयाच्या बैठकीत तेथला माणूस होता का? आणि हे तीन प्रश्न विचारून झाल्यावर, टाळ्या पडण्यापूर्वी, चौथाही विचारावा : ज्याला बोलता येत नाही त्या झाडाच्या आणि प्राण्याच्या वतीने आपल्यापैकी कोण बोलले? पहिले तीन प्रश्न विसरणारा निसर्गप्रेमी शेवटी कुंपणाचा चाकर होतो. चौथा विसरणारा समाजवादी ठेकेदाराचा. मेंढपाळ आणि गिधाड यांचे भांडण लावून देणारा तिसराच कोणी असतो, आणि जमीन नेहमी त्याच्याच नावावर चढते.